काकांच्या किडनीत हायडेटिड सिस्ट निघाली, किडनी काढावीच लागते का?

नाही भाऊ, दरवेळी नाही काढावी लागत. किडनीचा बराचसा भाग चांगला असला तर नुसती सिस्ट काढून किडनी वाचवतात, पूर्ण निकामी झालेली असली तरच काढतात.

हायडेटिड सिस्ट म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीमुळे (एक चपटा जंत) होणारी पाण्याने भरलेली गाठ, त्या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माती, पाणी, भाजीपाल्यावर येतात आणि आपल्या पोटात जातात, त्यातून निघालेल्या अळ्या बहुतेक वेळा लिव्हर नाहीतर फुफ्फुसात जाऊन बसतात, किडनीत फक्त २-३ टक्के लोकांना होतं. मटण खाल्ल्याने होत नाही, हे आपल्याकडे लई जणांना माहीत नसतं. सिस्ट हळूहळू वाढते, कित्येक वर्षं काहीच कळत नाही, मग कंबरेत एका बाजूला दुखतं, लघवीतून रक्त जातं. कधी ती किडनीच्या आत फुटते आणि लघवीत द्राक्षाच्या सालीसारखे तुकडे पडतात, तसं दिसलं तर लगेच डॉक्टरला दाखवा.

एक हात जोडून सांगतो, साधी पाण्याची गाठ समजून कुणालाही सुई घालून पाणी काढू देऊ नका. आतलं पाणी सांडलं तर जिवावर बेतेल अशी ॲलर्जी येऊ शकते आणि पोटात नवीन गाठी होतात. सीटी स्कॅन करून युरोलॉजिस्टला (किडनी-लघवीच्या सर्जनला) दाखवा, संभाजीनगरला घाटी दवाखान्यात किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जा. अल्बेंडाझोल ही जंताची गोळी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर देतात, ती जेवणासोबत घ्यायची, मधेच बंद करायची नाही, आणि लिव्हरच्या टेस्ट करत राहायच्या. लिव्हर आणि छातीची तपासणी पण करून घ्या, दुसरीकडे गाठ असू शकते.

घरी मेंढ्या-कुत्रे असतील तर कापलेल्या जनावराची आतडी-काळीज कुत्र्याला कच्चं टाकू नका, आणि कुत्र्याला जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरला विचारून द्या.