इनटेक मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी पावडर कोट केल्यावर आयडलिंग १८०० वर का अडकतं?

तुम्ही लिहिलंय की जुन्या होंडा सिटी १.५ चं मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइपांचा भाग) आणि थ्रॉटल बॉडी (त्याच्या तोंडाशी हवा कमीजास्त करणारा भाग) वाळूचं ब्लास्टिंग करून पावडर कोट केली, तेव्हापासून गरम इंजिन आयडलिंगला ७५० ऐवजी १८०० आरपीएमवर फिरतं आणि गॅरेजवाला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलायला सांगतोय. ईसीएम राहू द्या. कामात ज्याला कुणी हात लावला नाही, तो भाग नेमका त्याच दिवशी जाणं अवघड. इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय. या गाडीत हवा मोजली जात नाही, मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगतो आणि त्यावर पेट्रोल ठरतं. म्हणून चोरून आलेल्या हवेलाही पेट्रोल मिळतं. इंजिन अडखळत नाही, नुसतं जोरात फिरतं.

ती शोधण्याआधी एक गोष्ट कोटिंगवाल्याला विचारून घ्या: ब्लास्टिंगनंतर आतले सगळे मार्ग धुतले होते का? आयडल व्हॉल्व्हच्या (थ्रॉटल बंद असताना इंजिनला लागेल तेवढी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) खाचेत वाळू अडकून राहते आणि सिलिंडरमध्ये गेली की बोअरवर ओरखडे पडतात. खात्री नसेल तर गाडी चालू न करता मॅनिफोल्ड उतरवा. चढं आयडलिंग त्यापुढे किरकोळ आहे.

आता खरी चाचणी. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा, थ्रॉटल बॉडीवरचा हवेचा पाइप काढा आणि तोंडावर जाड रबराचा तुकडा दाबा, हात नको. इंजिन लगेच बंद पडलं तर हवा थ्रॉटलमधूनच येतेय. फिरत राहिलं तर लीक थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला आहे.

लीक पुढे असेल तर ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीचे (क्रँककेसमधले वायू मॅनिफोल्डमध्ये नेणारा व्हॉल्व्ह) पाइप एकेक करून पकडीने हलके दाबा. आरपीएम उतरला की चोर सापडला. टोपी न लावलेली एखादी व्हॅक्यूमची नळीही बघा. यात काही नाही निघालं, तर पॅकिंगची जागा. माझा पहिला संशय इथेच आहे. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन असतो आणि कडांवर एकसारखा बसत नाही, त्यामुळे पॅकिंग सगळीकडे दाबलं जात नाही. नटखाली कोटिंग राहिलं तर तेही उष्णतेने दबतं आणि घट्ट केलेला नट ढिला पडतो. सांध्यावर पाण्याचा फवारा मारून आरपीएम बदलतो का बघा. कार्ब क्लीनर पेट घेतो, गरम इंजिनवर नको.

पॅकिंगच्या जागेवरचं आणि नटखालचं कोटिंग पेंट रिमूव्हरने काढा आणि पॅकिंगची जागा सपाट ठोकळ्यावर ३२० चा पॉलिश पेपर लावून घासा. ग्राइंडर लावू नका, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. सरळ पट्टी ठेवून ०.१ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) खाली शिरला तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. पॅकिंग नवीन आणि कोरडं टाका, सिलिकॉन थापू नका. नट मधून बाहेरच्या दिशेने, साधारण २२ न्यूटन-मीटरवर. खालची रांग फायरवॉलच्या बाजूला लपलेली असते आणि तीच ढिली राहते. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की पुन्हा तपासा.

हवा थ्रॉटलमधून येत असेल तर आधी केबल. तिला मध्यावर १० ते १२ मिमी झोल हवा. मग थ्रॉटल बॉडी उतरवून बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी गोल पाती, बंद करून उजेडासमोर धरा. बोअरला किंवा पातीच्या कडेला पावडर लागली असेल तर ती पूर्ण मिटत नाही. पाती काढली असेल तर उलटी बसलेली असू शकते, कारण तिची कड तिरकी कापलेली असते. पाती किती मिटते ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका. पाती ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून बोअरमधलं आयडल व्हॉल्व्हचं भोक बोटाने बंद करा. आरपीएम पडला तर व्हॉल्व्ह किंवा त्याची ओ-रिंग. कामात कूलंट सांडलं असेल तर आत हवा अडकूनही व्हॉल्व्ह उघडा राहतो, म्हणून हीटर चालू ठेवून ब्लीड करा, म्हणजे अडकलेली हवा काढा. थ्रॉटल सेन्सर हलवला असेल तर मीटर लावा: बंद असताना ०.५ व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर ४.५. बंद स्थितीत व्होल्टेज जास्त आलं तर पाय ॲक्सिलरेटरवर आहे असंच ईसीएम धरून चालतो.

काटा सतत वरखाली होत असेल तरी गोंधळू नका. थ्रॉटल बंद असताना आरपीएम चढला की ईसीएम पेट्रोल तोडतो, खाली आला की पुन्हा देतो. म्हणजे हेही बहुतेक जादा हवेचंच लक्षण. आयडल स्क्रू (हा स्टॉप स्क्रूपेक्षा वेगळा) पिळून आकडा खाली आणायचा मोह होईल, पण आधी जादा हवा बंद करा, मग व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून मॅन्युअलप्रमाणे तो स्क्रू लावा.