दारूचा थेंब नाही, मग लिव्हरचा कॅन्सर कसा?

प्रश्न : माझे मोठे दीर मागच्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरने गेले. वय ४९. माळकरी माणूस, सुपारीसुद्धा खात नसत. तरी गावात कुजबुज, ‘चोरून पीत असणार.’ आता रक्तदान शिबिरानंतर माझ्या मिस्टरांना हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारा विषाणूचा संसर्ग, निघालाय. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल, तब्येत ठणठणीत. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलं. शिवाय काविळीच्या औषधाला नेलं, तिथे हात धुतल्यावर पाणी पिवळंजर्द झालं. ‘उतरली’ म्हणाले. आता काय करू?
– एक भगिनी, बार्शी तालुका

उत्तर : ताई, आधी ते ताट पंगतीत घ्या. हा आजार जेवणातून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश.

पिवळ्या पाण्याचं म्हणाल, तर आमच्या धडधाकट कंपाउंडरला मी एकदा मुद्दाम तिथे पाठवलं होतं. त्याचीही ‘कावीळ’ उतरली! हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत धुतले की कुणाचेही हात पिवळं पाणी सोडतात.

दिरांवर मात्र अन्याय झाला. दारू हे या कॅन्सरचं एक कारण. हिपॅटायटिसचे बी आणि सी हे विषाणू त्याहून मोठं. बीचा विषाणू लिव्हरच्या पेशीच्या डीएनएतच घुसून बसतो. वर्षानुवर्षं सूज येते, भरते, व्रण राहतात. कधी तर सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी लिव्हर कडक होणं, न होताच थेट गाठ होते. म्हणून नुसत्या नॉर्मल एसजीपीटीवर निर्धास्त राहू नका.

दोघा भावांना असेल, तर तो बहुधा जन्मावेळीच आला. तान्ह्या वयात लागण झालेल्या १०० पैकी ९० जणांत तो ठाण मांडतो. मोठेपणी झाली तर पाचांतही नाही. सासूबाईंची तपासणी करा, पण कारण सांगताना जपून सांगा. त्यांच्या काळी ना तपासणी होती, ना लस. ज्या माउलीने भीतीपोटी ताट वेगळं केलं, तिला हे ऐकणं जड जाईल. नणंदा आणि दिरांची मुलंही तपासून घ्या.

मिस्टरांचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते) आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते) करा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी-औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा. गोळी सुरू झाली तर मनाने बंद करायची नाही. तुम्ही स्वतः तपासून घ्या. लागण नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल, तर लशीचे तीन डोस घ्या. मुलं असतील तर त्यांचीही तपासणी करा आणि लसीकरण कार्डं काढून बघा.

आणि मिस्टरांच्या लिव्हरची सोनोग्राफी, दर सहा महिन्यांनी. गाठ लहान असते तेव्हा दुखत नाही, आणि इलाज तेव्हाच सोपा असतो. माझे एक पेशंट एक पाडव्याला करतात, एक दसऱ्याला. बारा वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत.