म्हातारपणी मेंदूला येणारी ‘सूज’ गोळीने उतरते का?

तुम्ही विचारलंय की आई ७४ वर्षांची आहे, वर्षभरापासून तेच तेच विचारते. मेंदूत प्रोटीन साचून सूज येते असं वाचलं, तर सूज उतरवायची गोळी किंवा हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?

आपल्या मनाने काहीच सुरू करू नका. मी डॉक्टर नाही, नागपुरातच बायोकेमिस्ट्री शिकवतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

अल्झायमर या विसराच्या आजारात मेंदूत साचणारी प्रोटीन दोन. ॲमिलॉइड बीटा सगळ्यांच्याच मेंदूत तयार होतं. पेशीच्या आवरणातल्या एका मोठ्या प्रोटीनचे काप पडतात, त्यातला ४२ अमिनो आम्लांचा तुकडा फार चिकट. त्याचे थर पेशींच्या बाहेर जमतात. दुसरं टाऊ. ते पेशीच्या आत वाहतुकीच्या नळ्या धरून ठेवतं. त्यावर फॉस्फेट जास्त चढलं की ते सुटतं आणि त्याचा गुंता होतो. १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमरने हे दोन्ही ज्या बाईच्या मेंदूत पाहिलं, ती गेली तेव्हा ५५ वर्षांचीच होती. उलट ॲमिलॉइड साचलेलं असूनही ऐंशीव्या वर्षी किराण्याचा हिशोब तोंडी करणारी माणसं असतात. म्हणून नुसत्या प्रोटीनवरून निकाल लावता येत नाही.

आता सूज. हे काम मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचं. कचरा उचलणं, जंतूंवर नजर ठेवणं ही त्यांची ड्युटी. तरुणपणी काम झालं की त्या शांत होतात. वय झालं की चोर पळाल्यावरही रात्रभर शिट्टी फुंकणाऱ्या चौकीदारासारख्या चिडलेल्याच राहतात, आणि त्यांच्यातून सुटणारी रसायनं चांगल्या पेशींचे जोडही तोडतात. पण याच पेशी ॲमिलॉइडला घेरून आवरूनही धरतात. टीआरईएम२ या जनुकात काही बिघाड असले की हे काम नीट होत नाही आणि अल्झायमरचा धोका वाढतो. मग त्यांना सरसकट गप्प करून कसं चालेल? नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या गोळ्या देऊन चाचण्या झाल्या, आजार टळला नाही. म्हाताऱ्या किडनीला आणि पोटाला त्रास मात्र होतो. हळद वरणात घाला. तिच्यातलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. वर्षभर हळूहळू वाढलेला विसर वेगळा आणि दोन दिवसांत माणूस बदलणं वेगळं. माझी आत्या ऐन मे महिन्यात कूलरपुढे बसून मला ‘भाऊ’ म्हणायला लागली, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाने. संध्याकाळी चादरीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकत होती. ताप नव्हता. घरचे म्हणाले, झालं, अल्झायमर. निघालं काय, तर लघवीचं इन्फेक्शन आणि घसरलेलं सोडियम. बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, अशा गोळीने सोडियम घसरू शकतं. शरीरात कुठेही इन्फेक्शन झालं की त्याचे संदेश मेंदूपर्यंत पोचतात आणि आधीच चिडलेल्या मायक्रोग्लिया आणखी भडकतात. उपचारानंतर काही दिवसांनी तिने चहा फिक्का झाल्याची तक्रार केली, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

तुमच्या आईचं हळूहळूचं आहे, तरी बी१२, थायरॉइड, सोडियम, शुगर तपासून घ्याच. यातलं काही निघालं तर त्यावर इलाज आहे. कान तपासा. ऐकू कमी येणं हेही डिमेन्शियाचा, म्हणजे रोजच्या कामात अडथळा आणणाऱ्या विसराचा, धोका वाढवणाऱ्या कारणांत मोजतात, आणि आपल्याकडे मशीन लावायची लाज वाटते म्हणून वर्षं जातात. बीपी ताब्यात ठेवा.

ॲमिलॉइड काढणारी लेकॅनेमॅबसारखी इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ पासून पूर्ण मंजुरीने मिळतात. आजार अगदी सुरुवातीला असेल तर वेग थोडा कमी होतो, गेलेली आठवण परत येत नाही. आणि गंमत बघा, एमआरआयवर दिसणारी खरीखुरी सूज काही जणांना या औषधानेच येते, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, मेडिकलवाल्याने दिलेल्यासुद्धा. सर्दी-खाजेच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी या वयात विसर वाढतो. त्या गोळ्या सगळ्यांत आधी दाखवा.