उजवी पाकळी

"देवावर राग धरला तर पाप लागतं का हो?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाच्या बहुतेकदा शेवटच्या दोन मिनिटांत येतो, पर्स खांद्याला अडकवून झाल्यावर. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या या बाईंनी मात्र तो खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. परवानगी घेतली आहे.)

वय एकसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. यजमान जाऊन चौदा महिने झालेले. देवळात जाणं एक दिवस चुकलं नव्हतं. आरतीला उभ्या राहायच्या, टाळ वाजवायच्या, तीर्थ घ्यायच्या. "पण तोंडाकडे बघत नाही मी तिच्या. पायांकडे बघते आणि घरी येते." तिच्या म्हणजे देवीच्या.

असं कोणी सांगितलं की मी आधी एक गोष्ट तपासते. काहींच्या मनात आरतीच्या ऐन वेळी देवाबद्दल अभद्र, शिवराळ विचार घुसतात. ते नको असतात, त्यांची किळस येते, आणि ते धुऊन काढायला माणूस जप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, दहादा हात धुतो, माफी मागत सुटतो. तो देवावरचा राग नव्हे, तो मंत्रचळ; डॉक्टर ओसीडी म्हणतात. त्यावर औषध आणि विशिष्ट उपचार आहेत, आणि अशांना मी सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे, परवडत नसेल तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवते. जप वाढवायला सांगणारे हितचिंतक इथे रोग वाढवतात. बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या रागाला तारीख होती.

यजमानांना बायपास सांगितलेली. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे कौल लावला. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. ऑपरेशन झालं, आणि नवव्या दिवशी जंतुसंसर्गाने माणूस गेला.

"साष्टीत पोर्तुगिजांनी देवळं पाडली तेव्हा, १५६० च्या दशकात, आमच्या माणसांनी तिला झुआरी नदीपार करून अंत्रुजात, इथे फोंड्यात, आणली. घरदार सोडलं, तिला नाही सोडली. आणि त्यांच्या घरातली सून मी, मनात तिला शिव्या घालते." हे सगळं स्वच्छ, पुस्तकी मराठीत. वर्गात कविता समजावून सांगावी तसं.

आपल्याकडे घरात कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी. त्यामुळे ज्यांना दुखणं लांबून दाखवायचं असतं ते माझ्यापुढे छान मराठी बोलतात. (मीही आईशी भांडताना मराठी वापरत नाही.) मी म्हटलं, "बाई, घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आपण देवळात प्रार्थनेलाच गाऱ्हाणं म्हणतो. पण ते तुमच्या वतीने भटजी घालतात. तुमचं तुम्ही कधी घातलंय?" नाही म्हणाल्या. "मग इथे घाला. घरच्या भाषेत."

बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवीन म्हाका फटयली." फसवलं मला. रडल्या. मला वाटलं, झालं, मोकळ्या झाल्या. माझी घाई.

पुढच्या खेपेला आल्या त्या गप्पच. पंखा फिरत होता, बाहेर पाऊस. निघायच्या सुमारास खाली बघून बोलल्या, "पयली दावी पडली."

पहिला प्रश्न होता, ऑपरेशन करावं का. डावी पडली. यजमानांचं मन आधीपासूनच नव्हतं. त्यांना आणि मुलाला देवळाबाहेर बाकावर बसवलेलं. बाईंनी भटजींना सांगितलं, प्रश्न बदलून लावा: लगेच करू की महिनाभर थांबू? लगेच म्हणजे उजवी. उजवी पडली. बाहेर येऊन त्यांनी तेवढंच सांगितलं.

"मी तिला हो म्हणायला लावलं. निर्णय माझा, सही तिची."

इथे "तुमचा काही दोष नाही" असं जिभेवर येतं. ते गिळावं लागतं, कारण ते ऐकून माणूस पुन्हा दार लावून घेतो. ओली पाकळी सुकली की पडते, इतकंच माझं खासगी मत. तेही मी बोलले नाही. त्यांच्या लेखी देवी नाही म्हणाली होती आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. चौदा महिने देवीवर ओरडत राहिल्या, म्हणजे ती डावी पाकळी कोणाला दिसायला नको.

मग आम्ही दोन गाठोडी वेगळी केली. ऑपरेशनचा सल्ला डॉक्टरांचा, रिपोर्टवरून दिलेला. त्याची फाईल घेऊन त्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या आणि विचारलं, थांबलो असतो तर? थांबण्यातही धोका होताच, असं त्यांनी कागद उलगडून दाखवलं. दुसरं गाठोडं मात्र त्यांचंच होतं: नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवलेलं. नवऱ्याला सांगायची वेळ गेली होती. मुलाला सांगितलं. तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

दीड महिन्याने आल्या तेव्हा गाऱ्हाणं स्वतः घातल्याचं सांगितलं, कोकणीत, डावी-उजवी सगळं. भटजी तीर्थाची पळी हातात धरून ताटकळले म्हणे.

"आणि?"

"नथ नवीन केलीय तिला," बाई म्हणाल्या. "केव्हा केली, कोणी सांगितलंच नाही मला."