सायन्स फिक्शन, फँटसी वाचून बरं वाटतं म्हणजे मी वास्तवापासून पळतोय का?

प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हे वाक्य मी आमच्या आत्याच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलंय, "पळपुटा आहे, पुस्तकात तोंड खुपसून बसतो." तुम्ही लिहिलंय की नोकरी गेल्यापासून रात्री परग्रहांच्या नाहीतर जादूच्या गोष्टी वाचल्याशिवाय झोप येत नाही आणि बरं वाटतं त्याचंच गिल्टी वाटतं. मी काय डॉक्टर बिक्टर नाही, सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, पण या बाबतीत अनुभव दांडगा आहे म्हणून लिहितोय.

आधी कबुली. मी पळालोय, अगदी रीतसर. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षी दोन विषय राहिले आणि मी सहा महिने ड्रॅगन-तलवारीच्या एका जाडजूड सिरीजमध्ये जाऊन राहिलो, संपली की परत पहिल्या भागापासून, गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँमधला तो मोटरसायकलवाला फिरतो ना तसा, स्पीड भरपूर पण जायचं कुठंच नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली तेसुद्धा मित्रानं सांगितलं. तेव्हा मला एक सवय लागलेली जी फार नंतर लक्षात आली, मी दुःखाची पानं उडवायचो. कोण मरणार आहे, कोण फितूर होणार आहे ते माहीत असायचं, तो चॅप्टर आला की सरळ पुढं. फक्त जेवणावळी, विजय आणि घोड्यावरून प्रवास तेवढं वाचायचं.

माझ्या मते पळणं ओळखायची खूण हीच, किती तास वाचता ते नाही. वेळ मोजत बसू नका हो, नोकरी नाही तर वेळ आहेच.

हे पळपुटेपण म्हणणाऱ्यांना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किन नावाच्या माणसानं 1939 सालीच एका व्याख्यानात उत्तर देऊन ठेवलंय, त्याचा मुद्दा असा की तुरुंगातला माणूस घराचा विचार करत असेल तर त्याला दोष कशाला द्यायचा, कैद्याचं सुटणं आणि शिपायाचं रणातून पळणं याची तुम्ही गल्लत करताय. आणि हा काय खुर्चीत बसून बोलणारा नव्हता, पहिल्या महायुद्धात, 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत खंदकात होता, तिथंच ताप लागून परत आला आणि त्या आजारपणातच त्याच्या त्या दुनियेच्या पहिल्या गोष्टी लिहायला लागला. आपले खगोलशास्त्रज्ञ नारळीकर घ्या की. 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवरावरची गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून, परीक्षकांनी नाव बघून नंबर देऊ नये म्हणून, आणि पहिला नंबर आला. त्यांना कुठं पळून जायचं होतं ओ, तो माणूस दिवसभर ऑफिसातसुद्धा आकाशातच असायचा.

असो. आता माझं खरं सांगायचं ते.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते. माग बिघडला की अण्णांना बोलवायचे, एवढ्या खटखटाटात कुठल्या मागाचा आवाज बदललाय ते लांबून सांगायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. हातात दोन जाड सुया, एका नळीतनं रक्त बाहेर, मशीनमधल्या फिल्टरमधनं साफ होऊन दुसऱ्या नळीनं परत आत. पहिल्या दिवशी त्या नळ्यांकडं बघत म्हणाले, "एवढा धागा बाहेर काढलाय, तुटला म्हणजे?" जरा काही झालं की मशीन टीं टीं करतंय आणि सिस्टर पळत येते, तेव्हा म्हणाले, "हां, धागा तुटला की माग थांबतोय, बराय." मग जरा निवांत झाले.

पण चार तास करायचं काय? मोबाईल ते बघत नाहीत, टीव्हीवर बातम्या, बाहेर मे महिन्याचं 44 डिग्री. मी माझं पुस्तक वाचायचो, एकदा म्हणाले मोठ्यानं वाच. सुरुवात कृष्णविवरापासनंच झाली. 2019 ला आलेला पहिला फोटो मोबाईलवर दाखवला, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांबचं आहे म्हटलं, बघून म्हणाले "मेदूवडा आहे की." मग त्याच्याजवळ घड्याळ सावकाश चालतं हे सांगितलं, त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मोबाईलचा मॅप काढून समजावलं की याचे जीपीएसचे उपग्रह वर आहेत, तिथं गुरुत्वाकर्षण कमी, स्पीड जास्त, दोन्हीचा हिशेब करून त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढं जातात आणि ते धरलं नाही तर सातरस्त्याला जायचं तर मॅप भलतीकडंच नेईल. थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे हे चार तास चार तासच आहेत असं काय नाही." पलीकडच्या बेडवरचे मामा डोळे मिटून पडले होते, तेपण हसले.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की बरं वाटतं म्हणजे नक्की काय होतं. खोली तीच, सुया त्याच, पण खोलीला एक खिडकी पडते.

मग वाचायला घेतला कॅप्टन नेमो. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची मराठीत केलेली पुस्तकं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी वाचलीत, पण त्यातला पाणबुडीचा कप्तान नेमो मूळचा भारतीय, बुंदेलखंडचा राजपुत्र, 1857 च्या लढाईत हरलेला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते 1875 च्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत उलगडतं. अण्णा उठूनच बसायला लागले. इंग्रजांशी भांडलेला माणूस म्हटल्यावर सोलापूरकराला वेगळंच होतं, चार हुतात्मा चौकातनं आम्ही येता-जाता असतो. "म्हणजे आपलाच की लका!" आणि खरा पळालेला माणूस बघायचा तर हाच, सगळं जग सोडून पाणबुडीत बारा हजार पुस्तकं घेऊन समुद्राखाली गेलेला, तरी बेटावर अडकलेल्या अनोळखी माणसांना गुपचूप मदत करतच राहतो.

त्याच सुमारास अण्णांनी नवीनच धोशा लावला होता, बास झालं, आता येत नाही मी, किती दिवस ही मशीन. आईनं रडून झालं, आत्यानं शपथा घालून झाल्या.

एका गुरुवारी आम्ही पुस्तकाच्या शेवटाकडं आलो आणि पुढच्या पानांवर नेमो मरतो. म्हातारा, साथीदार सगळे गेलेले, पाणबुडीत एकटा. मी जुन्या सवयीनं उडवलं. आवाज न बदलता सात-आठ पानं पुढं जाऊन बेटाचंच वाचायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील.

"थांब. मधला धागा गेलाय."

मी म्हटलं कुठं काय.

"तीस वर्षं कापड बघितलंय रे. मागं जा."

गेलो मागं. वाचलं सगळं, मला मध्ये दोनदा पाणी प्यायला लागलं. नेमो सांगतो की मी गेल्यावर पाणबुडीसकट मला बुडवा, ते लोक पाण्याच्या तोट्या उघडतात आणि ती हळूहळू खाली जाते, बराच वेळ पाण्याखालनं तिचा उजेड दिसत राहतो. अण्णा छताकडं बघत होते. काही बोलले नाहीत, उशी जरा वर घे म्हणाले तेवढंच. मशीन मध्येच टीं टीं वाजलं, सिस्टर येऊन नळी सरळ करून गेली.

सुया काढल्यावर हातावर कापूस दाबून बसले होते तेव्हा विचारलं, "मग ती बेटावरची माणसं घरी पोचली का?"

मी म्हटलं, ते अजून वाचायचं राहिलंय.

"शनिवारी पुस्तक विसरू नको," म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.