'फील झालं' कशाला? 'बेजार झालं' म्हणा की!

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "मला लई फील झालं, पण ॲक्सेप्ट केलं." याला मराठी काय?

हे 'फील' आता सीमाभागात बसस्टॉपपासून बारशापर्यंत कानांवर आदळतं. इंग्रजीत आनंदही फील होतो आणि थंडीही. आपल्याकडे मात्र 'फील झालं' म्हणजे वाईटच वाटलं. 'वाटणे', 'लागणे' सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. तुमच्या निपाणीत याला खणखणीत शब्द आहे: बेजार.

शब्द फारसी. तिथे अर्थ वीट आलेला, कंटाळलेला. (कुणी 'बे' म्हणजे शिवाय, म्हणून बेजार म्हणजे आजाराशिवायचा, असं फोडून दाखवतात. मग डासांनी बेजार केलं की माणूस ठणठणीत होत असेल!) पुण्यात 'मी बेजार झालो', म्हणजे त्रासून गेलो. बेळगावात 'मला बेजार झालं', म्हणजे मन दुखावलं. हा 'मला' आला कुठून? शेजारच्या कन्नड घरात ऐका: 'ननग ब्याजारातु.' तोच साचा, तोच अर्थ. रुसलेल्या पोराला 'बेजार करून घेऊ नको' म्हणणारी आजी 'ब्याजार माडकोब्याड'च म्हणत असते, फक्त मराठीत.

माझं मत असं, की हा शब्द दख्खनच्या दरबारी फारसीतून दोन्ही भाषांत शिरला, कन्नडात मऊ झाला आणि तो मऊ अर्थ सीमेवरच्या मराठीने उचलला. शुद्धतेचे रखवालदार याला 'कानडी वळणाची अशुद्ध मराठी' म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या तोंडचा 'आजार'ही फारसीच, हे त्यांना कुणी सांगायचं? आणि गंमत बघा, 'मला फील झालं' याची बैठकही तीच आहे. मुलीने वाक्य आजीचंच ठेवलंय, फक्त बेजारला उठवून त्या पाटावर फीलला बसवलंय. हे शुद्धतावाल्यांच्या लक्षात आलेलं नाही, कारण ते शब्द मोजतात, वाक्य ऐकत नाहीत.

हां, ॲक्सेप्टचं राहिलंच. 'स्वीकारणे' आहे, पण ते सत्काराच्या नारळाला शोभतं. 'पत्करणे' चालेल. पण शेजारीण 'इरली बिडु' म्हणून पुढच्या कामाला लागते, तसं आपल्याकडे म्हणतात, "बेजार झालं बघ. असूं दे, सोड."