पावसाळ्यानंतरची उड्डाणे : रिमोटच्या हेलिकॉप्टरविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की मुंबईतल्या माळ्यांवरून आणि कपाटांच्या वरच्या कप्प्यांतून हेलिकॉप्टरची खोकी खाली उतरतात, आणि त्यांच्यापाठोपाठ आमच्याकडे प्रश्न येऊ लागतात. या वेळच्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न बॅटरीचे आहेत, त्यामुळे सुरुवातही तिथूनच करतो.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला तीन सेलच्या, २२०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून ठेवल्या, नंतर पावसामुळे एकदाही उडवणे झाले नाही. आता कपाट उघडले तर एक बॅटरी उशीसारखी फुगली आहे. सुई टोचून आतली हवा काढली तर ती वापरता येईल का? (परळ)

कृपा करून सुई टोचू नका. आत जी आहे ती हवा नव्हे. सेलमधले इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन तयार झालेला तो वायू आहे आणि त्यातला बराचसा भाग ज्वालाग्राही असतो. शिवाय सेलमध्ये धन आणि ऋण थर एकमेकांपासून केवळ एका पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. सुई त्या पडद्यातून गेली की थर आतल्या आत जुळतात आणि बॅटरी तुमच्या हातातच पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी दुरुस्त होत नाही. तिला निरोपच द्यावा लागतो.

असे का झाले ते समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. लिपोचा एक सेल ४.२० व्होल्टला पूर्ण भरतो. त्या अवस्थेत तो दोन-तीन दिवस राहिला तर फारसे बिघडत नाही, परंतु चार महिने राहिला, आणि तेही गच्चीच्या स्लॅबखाली तापणाऱ्या माळ्यावर किंवा पश्चिमेकडच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात, तर आतली रासायनिक झीज कितीतरी वेगाने होते. दीर्घकाळ ठेवायची बॅटरी सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्टवर, म्हणजे तुमच्या तीन सेलच्या बॅटरीसाठी साधारण ११.४ ते ११.५५ व्होल्टवर, ठेवावी. बहुतेक चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ नावाची वेगळी सोय असते; ती भरलेली बॅटरी उतरवतेही आणि रिकामी बॅटरी तेवढ्यापुरती चढवतेही. आकाश बघून ‘उद्या उघडेल’ अशा आशेवर बॅटऱ्या भरून ठेवण्याची सवय मुंबईकरांनी तरी सोडून द्यावी.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. उडवून झाल्यावर रिकामी बॅटरी तशीच खोक्यात टाकली तर ती हळूहळू आणखी उतरत जाते. सेल बराच काळ ३ व्होल्टच्या बराच खाली राहिला तर आतल्या पत्र्याचे तांबे विरघळू लागते, आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी तेच तांबे भलत्या जागी जमून शॉर्ट होण्याची भीती निर्माण होते. चार्जरने ‘व्होल्टेज फार कमी’ म्हणून नाकारलेली बॅटरी दुसऱ्या मार्गाने थोडी ‘उठवून’ पुन्हा चार्ज करण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमची दुसरी बॅटरी फुगलेली नसली तरी तिचे तिन्ही सेल वेगवेगळे मोजा, बॅलन्स चार्ज (सगळे सेल सारख्या व्होल्टला आणणारे चार्जिंग) करा आणि चार्जर अंतर्गत रोध दाखवत असेल तर तो टिपून ठेवा. एका सेलचा आकडा इतर दोघांच्या दुप्पट आला तर तिलाही पहिलीसोबत पाठवा.

पाठवायची कशी? मातीच्या कुंडीत वाळू घालून त्यात बॅटरी ठेवावी, कुंडी बाल्कनीत पडद्यांपासून दूर ठेवावी आणि मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा तिला जोडावा. हा दिवा पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, त्यामुळे भरलेली बॅटरी रिकामी व्हायला तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ आपण तिथे हजर राहायचे. दिवा पूर्ण विझल्यावरही तो काही तास जोडलेला राहू द्यावा, मग एकेक तार वेगवेगळी कापून लगेच टेप लावावी आणि बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती अजिबात टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत सगळे दाबले जाते आणि तिथे सुईचेच काम गाडीची फळी करते.

प्रश्न : चार्जरवर किती अँपिअर ठेवावे? बॅटरीवर ‘३०सी’ लिहिले आहे, म्हणजे खूप जास्त चालेल ना? (मुलुंड)

ते ३०सी बॅटरीतून प्रवाह काढण्याविषयी आहे, भरण्याविषयी नव्हे. ‘सी’ म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या किती पट प्रवाह; २२०० एमएएचच्या बॅटरीसाठी १सी म्हणजे २.२ अँपिअर, ३०सी म्हणजे, निदान लेबलाच्या म्हणण्यानुसार, ६६ अँपिअर. (ही लेबले उदार मनाने लिहिलेली असतात, हे जाता जाता सांगतो.) भरताना १सी ठेवावे. काही बॅटऱ्यांवर भरण्याचा वेगळा, मोठा आकडा छापलेला असतो. तो निर्मात्याने दिलेला असला तरी घाई नसेल तर १सीच बरा, कारण त्याने तासाभरात काम होते आणि बॅटरी जास्त उड्डाणे टिकते.

उडवून आलेली बॅटरी गरम असताना भरू नये. बॅलन्सची पांढरी, बारीक तारांची जोडणी लावल्याशिवाय चार्ज करू नये. चार्जिंगसाठी मुंबईच्या घरातली उत्तम जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, परंतु शेगडीपासून आणि सिलिंडरपासून दूरचे टोक. गादी, सोफा आणि चपलांचे लाकडी कपाट या तीन जागा लोक हमखास निवडतात, आणि तिन्ही चुकीच्या आहेत. रात्री लावून झोपू नये. बॅटरीने पेट घेतलाच तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करावा, जमत असेल तर वाळू ओतून आग जागच्या जागी कोंडावी, आणि धुरात न थांबता घराबाहेर पडून अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा. तो धूर विषारी असतो.

प्रश्न : माझे ४५० आकाराचे हेलिकॉप्टर गवतात पडले. मोडलेली पाती आणि शेपटीचा दांडा बदलला, पण आता ते थरथरते आणि शेपूट एका जागी राहत नाही. जायरो (हालचाल मोजून हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारे उपकरण) बिघडला असेल का? (डोंबिवली)

जायरो बिघडण्याची शक्यता फारच कमी आहे. थरथरीमुळे तो गोंधळला असण्याची शक्यता मोठी आहे. फ्लायबार (रोटरला स्थिर ठेवणारी आडवी दांडी) नसलेल्या आजच्या हेलिकॉप्टरांत जायरोचे संवेदक प्रत्येक क्षणाची हालचाल मोजून सर्व्होंना, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींना, आज्ञा देत असतात, आणि यंत्रच कंप पावत असेल तर त्यांना खरी हालचाल कोणती आणि कंप कोणता हे ओळखता येत नाही. त्यामुळे जायरोच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी कंपाचे मूळ शोधा.

पहिली खूण डोळ्यांनी मिळते. संपूर्ण सांगाडा पाय हलवल्यासारखा सावकाश डुलत असेल तर दोष मुख्य रोटरकडे आहे. शेपटीचा उभा पंख धूसर दिसत असेल आणि बोट लावल्यावर मधमाशीसारखा गुणगुणत असेल तर दोष शेपटीकडे आहे, कारण शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या चार ते पाच पट वेगाने फिरतो.

पडल्यावर सर्वांत आधी वाकतो तो फेदरिंग शाफ्ट, म्हणजे दोन्ही पात्यांच्या पकडींतून आडवा जाणारा बारीक दांडा. तो बाहेर काढा, टीपॉयची काच पुसून घ्या आणि दांडा तिच्यावर बोटाने हळूच लोटा. काच आणि दांडा यांच्यामधून खिडकीचा उजेड येऊ द्या. दांडा सरळ असेल तर उजेडाची फट सारखी राहते. वाकलेला असेल तर फट उघडझाप करते आणि दांडा लंगडत घरंगळतो. मेन शाफ्टही, म्हणजे मुख्य रोटरचा उभा दांडाही, असाच तपासा. वाकलेला दांडा ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नका. नव्याची किंमत पात्यांच्या जोडीपेक्षा कमी असते. परत जोडताना थ्रस्ट बेअरिंगच्या दोन चकत्यांपैकी कोणती आत आणि कोणती बाहेर हे पुस्तिकेत पाहूनच बसवा. मी स्वतः एकदा त्या उलट बसवल्या होत्या आणि पुढचे तीन रविवार सर्व्होंना दोष देत काढले.

पाती बदलली आहेत, तर त्यांचा तोल पाहिला का? जोडीतल्या दोन्ही पात्यांचे वजन सारखे हवेच, पण त्यांचा गुरुत्वमध्यही मुळापासून सारख्याच अंतरावर हवा. मग ट्रॅकिंग: एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून बाजूला उभ्या असलेल्या मित्राला सुरक्षित अंतरावरून पाहायला सांगा. दोन्ही टोके एकाच पातळीत फिरत असतील तर त्याला एकच रेघ दिसेल. पात्यांचे बोल्ट इतकेच आवळावेत की हेलिकॉप्टर कुशीवर धरल्यावर पाती आपल्या वजनाने लोंबू नयेत, पण हलकासा झटका दिला की खाली यावीत.

धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला लावू नका, कारण त्याने प्लास्टिक तडकू शकते. अडकलेला स्क्रू निघत नसेल तर सोल्डरिंगच्या गनचे टोक काही सेकंद त्याच्या डोक्यावर टेकवा. ऊब मिळाली की थ्रेडलॉक सैल होते.

आणि ट्रॅकिंग सोडून हे सगळे करताना मोटरच्या तीन तारा काढून ठेवा. माझ्या उजव्या अंगठ्याखाली दीड इंचाचा व्रण आहे, तो टेबलावर सेटिंग करताना कोपराने ट्रान्समीटरचा, म्हणजे रिमोटचा, थ्रॉटल सरकल्याचा आहे. ४५० च्या पात्यांची टोके मिनिटाला २८०० फेऱ्यांना ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास जातात. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : पूर्वी सात मिनिटे उडायचे, आता चार मिनिटांनी खाली येऊ पाहते. टायमर किती लावू? (विलेपार्ले)

अंदाजाने नको. चार मिनिटे उडवा, उतरवा आणि बॅटरी भरताना चार्जरने किती एमएएच परत घातले ते पाहा. समजा १४०० घातले. म्हणजे मिनिटाला ३५० लागले. २२०० च्या ८० टक्के १७६० होतात. त्याला ३५० ने भागले की पाच मिनिटे येतात, तेवढाच टायमर लावा. उरलेले २० टक्के उतरण्यासाठी आणि बॅटरीच्या आयुष्यासाठी असतात. चारच मिनिटांत १७६० संपत असतील तर दोष बॅटरीत नाही. कुठेतरी बेअरिंग जड झाले आहे किंवा गिअर फार घट्ट बसला आहे. आणि ८००-९०० परत गेल्यावरच बॅटरी भरत असेल, तर ती म्हातारी झाली.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला हेलिकॉप्टर हवे आहे. आमच्या इमारतीची गच्ची मोठी आहे, तिथे उडवले तर चालेल ना? (अंधेरी)

नाही. वैमानिकाविना दूरवरून चालवले जाणारे हेलिकॉप्टरही ‘ड्रोन नियम, २०२१’ च्या कक्षेत येते. त्या नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगीचा पिवळा विभाग सुरू होतो, आणि लाल विभाग त्याहून कडक असतो. अंधेरी तर सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूची धावपट्टी या दोहोंच्या कुशीत आहे. दक्षिणेला नौदलाची गोदी, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पलीकडे २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ असल्याने शहराच्या नकाशावर मोकळी जागा फारशी उरत नाही. त्याशिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटच्या हलक्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात. ‘खेळणे आहे हो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी गच्ची वाईटच. पाण्याच्या टाक्या, केबलच्या तारा आणि कठड्यावरून उलटून येणारा वारा यांत नवशिक्याचे हेलिकॉप्टर टिकत नाही, आणि घसरले तर ते सात मजले खाली कोणाच्या तरी डोक्यावर जाते. मुलाला आधी संगणकावरचा सिम्युलेटर आणि त्याला जोडता येणारा खरा ट्रान्समीटर घेऊन द्या. हेलिकॉप्टरचे नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटते. हा गोंधळ पडद्यावर फुकटात मिटतो. त्यानंतर तळहाताएवढे, स्थिर पिचचे (पात्यांचा कोन न बदलणारे) छोटे हेलिकॉप्टर बॅडमिंटनच्या बंदिस्त कोर्टवर उडवू द्या. कलेक्टिव्ह पिचचे (उडताना पात्यांचा कोन बदलणारे) मोठे यंत्र दोन वर्षांनी, शहराबाहेरच्या मैदानावर, आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि जागामालकाची परवानगी पाहून, आणि तुमच्या देखत.

प्रश्न : अलिबागच्या किनाऱ्यावर उडवून आलो, आता स्क्रू गंजू लागले आहेत. (ठाणे)

खारा वारा आणि बारीक वाळू यांचा हा परिणाम आहे. ओलसर फडक्याने सांगाडा पुसा, लगेच कोरडा करा, मऊ ब्रशने गिअरमधली वाळू झाडा आणि उघड्या बेअरिंगांना हलक्या तेलाचा एकेक थेंब द्या. बेअरिंग बोटाने फिरवताना खरखर जाणवली तर ते बदलाच. गंजलेले स्क्रू आताच काढून नवे लावा, नाहीतर पाना त्यांच्या डोक्यात नुसताच फिरत राहील.

प्रश्न : दिवाळीत विमानाने नागपूरला जाताना बॅटऱ्या नेता येतील का? (बोरिवली)

येतील, पण फक्त हातसामानात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत ठेवायला मनाई आहे. मर्यादा वॅट-तासांत मोजतात, आणि व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की तो आकडा मिळतो. तीन सेल, २२०० एमएएच म्हणजे २४.४ वॅट-तास, म्हणजे अडचण नाही. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची आधी संमती लागते आणि अशा दोनच बॅटऱ्या नेता येतात. सहा सेल, ५००० एमएएचची बॅटरी १११ वॅट-तासांची असते, त्यामुळे मोठे हेलिकॉप्टर असलेल्यांनी आधीच फोन करावा. बॅटऱ्या स्टोरेज व्होल्टवर आणा, प्रत्येकीच्या टोकांवर टेप लावा, प्रत्येक वेगळ्या पिशवीत ठेवा आणि आकडा छापलेले लेबल बाहेरून दिसेल असे पाहा. लेबल पुसट झालेली बॅटरी सुरक्षा तपासणीत अडकते आणि तिथून ती परत मिळत नाही.